दुसऱ्या कार्डाची जागा रिकामी का राहिली?

एका ग्राफिक्स कार्डावर गेम अडखळत असेल तर शेजारी तसंच दुसरं बसवावं, ही कल्पना इतकी सरळ आहे की ती वीसेक वर्षं बाजारात टिकली यात नवल नाही. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू-२ कार्डांनी ती रूढ केली, २००४ मध्ये एनव्हिडियाने ‘एसएलआय’ या नावाने तिला नव्याने उभं केलं आणि पुढच्याच वर्षी एटीआयने ‘क्रॉसफायर’ काढलं. मग हळूहळू सगळं आटलं. २०२० मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेत फक्त सर्वांत वरच्या कार्डाला जोडणीचा कनेक्टर उरला, २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ला तोही नाही. कंपन्यांच्या लोभापायी हे झालं, असं गेमर मंडळी हमखास सांगतात. त्यात तथ्य अजिबात नाही असं नव्हे. पण खरी अडचण कामातच आहे. गेममधलं चित्र रंगवण्याचं काम दोघांत वाटून घेण्यासारखं राहिलंच नाही.

व्हूडू-२ च्या काळी ते होतं. पडद्यावरच्या सम ओळी एका कार्डाने काढायच्या, विषम दुसऱ्याने. एकट्या कार्डाला ८०० बाय ६०० ठिपक्यांवर थांबावं लागे, जोडीला १०२४ बाय ७६८ पर्यंत जाता येई. पुढे गेममध्ये सावल्या, प्रतिबिंबं, धूर अशा पूर्ण दृश्यावर पसरणाऱ्या गोष्टी वाढल्या आणि चित्राचे तुकडे करणं महाग पडू लागलं, कारण एकच सावली दोन्ही कार्डांना वेगवेगळी मोजावी लागे. म्हणून एनव्हिडिया आणि एटीआय यांचा भर एकाआड एक फ्रेम वाटण्यावर राहिला : पहिली या कार्डाने काढायची, दुसरी त्या कार्डाने. प्रत्येक कार्डाला पूर्ण दृश्य लागत असल्याने मेमरीची बेरीज मात्र होत नसे. चार-चार जीबीची दोन कार्डं लावली तरी गेमच्या हाती चारच जीबी. जाहिरातींत हे ठळक अक्षरांत क्वचितच असायचं.

या पद्धतीतला दोष आकड्यांत लपून राहिला, हे तिचं वैशिष्ट्य. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता समजा दोन कार्डांच्या फ्रेम ५, मग २८, पुन्हा ५, पुन्हा २८ अशा अंतराने पडद्यावर आल्या. ३३ मिलिसेकंदांत दोन फ्रेम झाल्या, सरासरी साठचीच निघाली; डोळ्याला मात्र दोन फ्रेम एकमेकींना चिकटलेल्या दिसतात आणि गेम तिशीत चालल्यासारखा वाटतो. याला मायक्रोस्टटर म्हणतात. २०११ मध्ये ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाने सरासरी बाजूला ठेवून एकेका फ्रेमचा वेळ मांडायला सुरुवात केली, तेव्हा ही चोरी उघडी पडू लागली. २०१३ मध्ये थेट पडद्याकडे जाणारं चित्र टिपून मोजणी झाली आणि क्रॉसफायरची इतकी शोभा झाली की त्याच वर्षी एएमडीला (एटीआय तोवर तिच्या ताब्यात गेली होती) फ्रेमचं अंतर सारखं करणारा ड्रायव्हर काढावा लागला. तोपर्यंत हजार-दीड हजार डॉलरच्या जोडकार्डांचे गोडवे सरासरीच्या तक्त्यांवरच गायले जात होते.

हे दुखणं निदान आटोक्यात आणता आलं. पुढचं आणता आलं नाही. दूरवरची विजेची तार किंवा जाळीचं कुंपण आताच्या गेममध्ये लुकलुकत नाही, कारण त्याची कड गुळगुळीत करताना आधीच्या फ्रेममधले ठिपके उचलून या फ्रेममध्ये मिसळले जातात. छोटं चित्र मोठं करणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस हे तंत्रही २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मागच्या फ्रेमवरच उभं आहे. मागची फ्रेम दुसऱ्या कार्डाकडे असेल तर ती तिथे पुरी होऊन इकडे येईपर्यंत या कार्डाने थांबायचं. स्वयंपाकघरात दोघी जणी असल्या तरी एकीने कणीक मळल्याशिवाय दुसरीला पोळी लाटता येत नाही, तशातली गत. आरटीएक्स २०८० टीआयला एनव्हिडियाने पूर्वीपेक्षा कितीतरी रुंद एनव्हीलिंक जोडणी दिली, तरी गेममध्ये चित्र फारसं पालटलं नाही. डेटा झटकन पोचेल, पण तयार व्हायच्या आधी कसा पोचणार?

आता लोभाचा मुद्दा. २०१५ च्या जीटीएक्स ९६० ला एसएलआय होतं, २०१६ च्या जीटीएक्स १०६० ला नव्हतं. दोन मध्यम कार्डं घेऊन महागड्या कार्डाला मागे टाकण्याची वाट त्यामुळे बंद झाली, आणि हा योगायोग मानायचं कारण नाही. पण दोन-दोन महागडी कार्डं घेणारं गिऱ्हाईक कोणत्या कंपनीला नको असेल? फायद्याचं असूनही वरच्या श्रेणीतली जोडणी गेली, याचं उत्तर लोभात मिळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स १२ ने तर दोन कार्डं चालवण्याची सूत्रं कार्ड कंपन्यांच्या हातून काढून गेम बनवणाऱ्यांना दिली. ‘ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ या गेमने एनव्हिडिया आणि एएमडीची कार्डं एकत्र चालवून दाखवली. तरीही फार थोडे गेम त्या वाटेने गेले, कारण मूठभर जोडीवाल्यांसाठी एवढी मेहनत कोण घेणार?

एआयच्या कामात हजारो कार्डं एकत्र राबतात, मग गेममध्येच काय बिघडतं, असा प्रश्न रास्त आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं ॲनिमेशन घ्या. तिथली फ्रेम १६ मिलिसेकंदांत हवी असा कोणाचा हट्ट नसतो आणि तिचे तुकडे बहुतांशी आपापले मोजता येतात. भाषा मॉडेलचे थर दोन कार्डांत विभागले तर मेमरीची बेरीजही होते. अलीकडे ‘लॉसलेस स्केलिंग’सारखं सॉफ्टवेअर वापरून दुसऱ्या कार्डाकडून मधल्या फ्रेम काढून घेतात. ती सोय चांगली आहे. पण मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम थोडी रोखून धरावी लागते, त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसली तरी माउसचा प्रतिसाद सुधारत नाही.

तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कोणी तुमच्या जुन्या कार्डाचं जुळं स्वस्तात देऊ केलं, तर गेमसाठी ते घेऊ नका. आहे ते कार्ड विका, त्यात पैसे घालून एकच नवं घ्या आणि आधी पॉवर सप्लाय त्याला पुरेल का ते पाहा. ब्लेंडर किंवा एआय हे रोजचं काम असेल, तर मात्र दोन कार्डांचा विचार जरूर करा.