मकर आणि हातिमि

कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात भारहूतच्या प्राचीन स्तूपाचा शिल्पांकित कठडा आहे. त्यावर मकर आढळतो. मगरीचा जबडा, माशाचे शेपूट आणि पुष्कळदा हत्तीची सोंड, असा हा आपल्या शिल्पकारांचा कल्पित जलचर. त्याची अंगे परस्परांशी भांडत नाहीत. म्हणून तर गंगामाई त्याच्यावर निश्चिंतपणे आरूढ होते.

याच नगरात सुकुमार राय यांनी तसाच एक संकर निर्मिला. बंगालीत ‘हाति’ म्हणजे हत्ती व ‘तिमि’ म्हणजे देवमासा. ‘ति’ हे अक्षर दोहोंत समाईक. तेथेच सांधा जुळवून कवीने ‘हातिमि’ घडविला. परंतु शब्द जुळले तरी जीव जुळेनात! एका अर्ध्या अंगाला पाण्याची ओढ, दुसऱ्याला रानाची. मकर पूज्य ठरला, हातिमि हास्याचा विषय झाला, तो या बेबनावामुळेच.

हे पद्य ज्यात आहे त्या ‘आबोल ताबोल’ची सिद्धता सुकुमारांनी रोगशय्येवर केली. १० सप्टेंबर १९२३ रोजी, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी ते निवर्तले. पुस्तक त्यानंतर काही दिवसांनी प्रसिद्ध झाले. दोन ओढींत सापडलेल्या हातिमिला पाहून मुले खदखदून हसतात. मोठी माणसेही हसतात. पण जरा थांबून.