कपाटाला हवी बोहारणीची नजर

२०२५ साली कपड्यांवरचा जीएसटी बदलल्याची बातमी आली आणि दिवाळीच्या खरेदीला उधाण आलं. पण आकडे नीट पाहा. हजाराच्या आतल्या कपड्यांवर आधीही पाचच टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून फायदा झाला तो हजार ते अडीच हजारांच्या कपड्यांना. त्याहून महागडे तर बारावरून अठरा टक्क्यांवर गेले. कोकण किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनच्या पेठेत घरच्या वापराचा शर्ट-कुर्ता बहुधा हजाराच्या आतच घेतला जातो. त्या गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडलं? अडीच हजारांवरचा, उंची कापडाचा, नीट शिवलेला कपडा त्याच्या आवाक्याबाहेर होता, तो आणखी लांब गेला. तो आवाक्यात आणायचा खात्रीचा मार्ग मला एकच दिसतो: दुसऱ्याने वापरलेला कपडा पारखून घेणं.

ही पारख शिकावी बोहारणीकडून. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या या बायकांपैकी अनेक जणी मूळच्या गुजरातेतल्या वाघरी, म्हणजे देवीपूजक समाजाच्या. मानववंशशास्त्रज्ञ लूसी नॉरिस यांनी दिल्लीत याच समाजाच्या व्यापाराचा माग काढला आणि २०१० साली त्यावर ‘रीसायकलिंग इंडियन क्लोदिंग’ हे पुस्तक लिहिलं. आपण डब्या-पातेल्यावर घासाघीस करून कपडा विसरून जातो. तो पुढे दिल्लीतल्या रघुबीर नगरच्या बाजारात कसा पोचतो आणि रेशमी साडीचे परदेशी दिवाणखान्यांसाठी अभ्रे कसे होतात, हे त्यांनी दाखवलं. आपण ज्याला चिंधी म्हणतो त्यात बोहारणीला भांडवल दिसतं, कारण ती कापड वाचते. साडी उलगडून उजेडाकडे धरते. घडीच्या रेघेवर कापड विरलंय का, निऱ्यांच्या खालच्या काठाला फॉल कुठे उसवलाय, हे आधी बघते. शर्ट हातात आला की कॉलर उलटते, काखेची शिवण ताणते. रंगावर आणि ब्रँडवर तिची नजर शेवटी जाते.

श्रीवर्धनकराने या तपासणीत किनाऱ्याची हवाही जमेस धरावी. खाऱ्या हवेत हुकाला, लोखंडी चेनला गंज चढतो आणि त्याचा तांबूस डाग सहजी निघत नाही. जाड जीन्स आषाढात दिवसेंदिवस वाळत नाही. इलॅस्टिक ताणून सोडावं. मागे आलं नाही तर कपडा परत ठेवून द्यावा. खांदा बसत नसेल तर मोह आवरावा, कारण कंबर आणि लांबी टेलर सहज बदलतो, खांद्यासाठी मात्र अख्खी बाही उसवावी लागते. शिलाईचा कपडा उलटा करून आतली मार्जिन बघावी: आपल्याकडे ब्लाउजला आत दोन-तीन टिपा मारून कापड राखलेलं असतं, तयार कपड्याला ओव्हरलॉकपाशीच ते कापलेलं असतं. मोबाइलवरून मागवताना एल, एक्सएल विसरून छाती-खांद्याचं माप इंचांत मागून घ्यावं.

वापरलेल्या सुती कपड्याचा मोठा गुण असा की त्याची परीक्षा आधीच झालेली असते. आटायचा तेवढा तो आटलेला असतो, सुटायचा तो रंग बहुतेक सुटलेला असतो. नव्या कपड्याबाबत ते आपल्याला पहिल्या धुण्यानंतर कळतं.

दुसऱ्याचं अंगावर घालायचं कसं, ही किळस मी समजू शकतो. सुती कपडे कढत पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवले की आरोग्याचा प्रश्न बव्हंशी मिटतो. राहतो तो मान-अपमानाचा. पण आपल्याच घरांत बाळाची दुपटी आजीच्या जुन्या लुगड्याची करतात, कारण त्याहून मऊ कापड बाजारात मिळत नाही. सगळ्यात नाजूक जीवाला जे चालतं, ते धट्ट्याकट्ट्या माणसाने कमीपणाचं का मानावं?

आणि श्रीवर्धनला माल शोधायला लांब जायलाच नको. कितीतरी घरांतलं माणूस मुंबईला किंवा आखातात आहे. गणपतीत, शिमग्यात, ईदेला येणाऱ्या बॅगांमधून कपडे येतातच, पण ते भावकीतच फिरतात आणि घेणाऱ्याला निवड नसते. मिळेल ते घेण्याने कपाट भरतं, उपयोगाचं होत नाही. एखाद्या महिला बचत गटाने दिवाळीनंतर एक दिवस शाळेचा हॉल घ्यावा, कपडे धुऊन, मापाप्रमाणे लावून माफक किमतीला विकायला ठेवावेत. फुकट वाटू नयेत. पैसे मोजले की माणूस निवडून घेतो. दाराशी शिलाई मशीन घेऊन टेलर बसवावा आणि त्याची मजुरी कपड्याच्या किमतीतच धरावी, म्हणजे कपडा अंगाला बसूनच घरी जाईल.