विकास-विलंब : हैदराबादहून घरी काय आणावे?

मेंदूच्या वाढीशी निगडित अडचणींचे प्रमाण भारतीय मुलांत किती आहे, हे तपासणारा एक महत्त्वाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी देशातील पाच ठिकाणे निवडली होती : हरियाणातील पलवल, हिमाचल प्रदेशातील कांगडा, ओडिशातील ढेंकानाल, शहरी भाग म्हणून हैदराबाद आणि किनारपट्टीचा भाग म्हणून उत्तर गोवा. जवळपास चार हजार मुलांच्या तपासणीतून दिसले की, दोन ते सहा वर्षे वयोगटात शंभरांपैकी सुमारे नऊ मुलांना आणि सहा ते नऊ वर्षे वयोगटात सुमारे चौदा मुलांना अशी किमान एक तरी अडचण होती. यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात, अपस्मार, वाचादोष, ऐकण्यातील व दिसण्यातील दोष यांचा समावेश होता. मोठ्या वयोगटात एकाग्रतेच्या आणि अध्ययनाच्या अडचणीही मोजल्या होत्या. ठिकाणागणिक आकड्यांत मोठा फरक होता. तरीही सरासरी लक्षात घेतली तर तीस मुलांच्या वर्गात अशी तीन-चार मुले असू शकतात. हा विषय चार-दोन दुर्दैवी घरांपुरता नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

अभ्यासात गोव्याबरोबर नाव आलेले हैदराबाद या क्षेत्रात आणखी एका कारणाने ओळखले जाते. बौद्धिक अक्षमतेसंबंधीची देशातील प्रमुख राष्ट्रीय संस्था तेथे आहे. सिकंदराबादच्या मनोविकासनगरात १९८४ साली ती स्थापन झाली. अनेक वर्षे तिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एनआयएमएच’ म्हणत. आता ती राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था आहे. तिच्याभोवतीच्या शहरात गेल्या काही वर्षांत खासगी थेरपी केंद्रांचीही मोठी वाढ झाली आहे. मुलाच्या वाढीत काही कमी असल्याचे कळताच लहान राज्यातील पालकांची नजर अशा मोठ्या शहराकडे वळते. तेथे जावे की न जावे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपल्या परिस्थितीप्रमाणे सोडवावा. त्याहून मोठा प्रश्न असा, की तेथून परतताना सोबत काय आणायचे?

विलंब म्हणजे नेमके काय?

प्रत्येक मूल आपापल्या गतीने वाढते, हे खरे. पण त्या गतीलाही मर्यादा असतात. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांतील निरोगी मुलांच्या निरीक्षणातून असे टप्पे आखले आहेत. त्यांनुसार बहुतेक सर्व मुले साधारण नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतात आणि साधारण अठरा महिन्यांपर्यंत स्वतंत्रपणे चालू लागतात. बोलण्याच्या बाबतीतही ढोबळ खुणा ठरलेल्या आहेत. वर्षाचे मूल बडबडत नसेल, बोटाने दाखवत नसेल, हात हलवून ‘टाटा’ करत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द येत नसेल. दोन वर्षे झाली तरी दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, तर तपासणी करून घ्यावी. आधी येत असलेले शब्द किंवा हावभाव मुलाने गमावले, तर वय कितीही असो, एक दिवसही थांबू नये.

अशा वेळी घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘याचे वडीलही उशिराच बोलले.’ वाक्य प्रेमापोटी उच्चारलेले असते आणि काही मुलांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण कोणते मूल आपोआप सावरेल आणि कोणते नाही, हे घरात बसून कोणालाच सांगता येत नाही. आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूतील जोडण्या सर्वाधिक वेगाने घडत असतात. त्या काळात मिळालेल्या मदतीचा उपयोग अधिक होतो. तपासणीत काहीच निघाले नाही, तर नुकसान एका सकाळचे. वाट पाहण्यात गेलेली दोन वर्षे मात्र परत येत नाहीत.

तपासणीचाही एक क्रम असतो. न बोलणाऱ्या मुलाची सर्वप्रथम श्रवणचाचणी झाली पाहिजे. ज्याला ऐकूच येत नाही, त्याला बोलायला शिकवण्यात महिने घालवणे व्यर्थ असते. दृष्टी तपासावी. जन्मतः थायरॉइडची कमतरता असेल, तर अगदी पहिल्या आठवड्यांत सुरू केलेल्या साध्या गोळीने बौद्धिक हानी मोठ्या प्रमाणात टळू शकते. म्हणूनच नवजात बाळाच्या रक्तचाचणीला इतके महत्त्व आहे. जन्मताच न रडलेली, कमी वजनाची, अकाली जन्मलेली आणि नवजात अतिदक्षता विभागात राहिलेली बाळे अधिक जोखमीची असतात. त्यांच्या वाढीवर पहिली दोन वर्षे तरी नियमित लक्ष हवे.

थेरपी कोणती आणि कशासाठी?

‘थेरपी’ या एका शब्दाखाली वेगवेगळी कामे येतात. फिजिओथेरपी स्नायूंची ताकद, तोल आणि चालणे सुधारते. ऑक्युपेशनल थेरपी रोजच्या कृतींवर काम करते : घास हाताने उचलणे, बटण लावणे, पेन्सिल धरणे, तसेच आवाज, स्पर्श किंवा गर्दी सहन करणे. स्पीच थेरपी केवळ उच्चारांपुरती नसते. आपल्याला हवे ते सांगणे आणि दुसऱ्याचे समजून घेणे हा तिचा गाभा आहे, मग ते शब्दाने असो, खुणेने असो वा चित्राने. मानसशास्त्रज्ञ मुलाची क्षमता आणि वर्तन तपासतात. विशेष शिक्षक मोठे कौशल्य लहान पायऱ्यांत मोडून शिकवतात. प्रत्येक मुलाला या सगळ्यांची गरज नसते. कोणती गरज आधीची, हे ठरवण्यासाठी विकासतज्ज्ञ बालरोग डॉक्टर किंवा अनुभवी पथकाने केलेले एकत्रित मूल्यमापन हवे.

या मूल्यमापनाची साधने आपल्या मातीत तयार व्हावीत, यासाठी हैदराबादच्या संस्थेने बरेच काम केले. भारतीय मुलांच्या वर्तनाचे मूल्यमापन करणाऱ्या श्रेणी तेथे तयार झाल्या. स्वमग्नतेची तीव्रता मोजणारी चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणीही तेथीलच. २०१६ पासून स्वमग्नतेच्या दाखल्यासाठी ती शासनमान्य आहे. या परंपरेचे एक मूळ मराठीपर्यंत पोहोचते. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ च्या सुमारास बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे देशभर वापरली गेली. मुलाला त्याच्या भाषेत विचारल्याशिवाय त्याला काय येते ते कळत नाही, हा विचार त्यामागे होता.

तो विचार गोव्यात आजही लागू पडतो. घरात कोकणी, आजीच्या कथाकीर्तनात मराठी, शाळेत इंग्रजी आणि थेरपीच्या खोलीत हिंदी किंवा इंग्रजी, अशी अनेक मुलांची स्थिती असते. मूल बोलत नाही म्हणून घरची भाषा बंद करा, असा सल्ला कधीकधी दिला जातो. एकाहून अधिक भाषा कानावर पडल्याने विकास-विलंब होतो, याला संशोधनाचा आधार नाही. आई ज्या भाषेत सहजपणे रागावते, हसते आणि अंगाई गाते, तीच भाषा मुलाला सर्वांत जास्त देऊ शकते.

हैदराबादचा खरा धडा

मनोविकासनगरच्या संस्थेत बाहेरगावच्या कुटुंबांसाठी ‘फॅमिली कॉटेज’ची सोय आहे. आईवडील मुलासह काही दिवस तेथे राहतात, मूल्यमापन होते आणि पालकांना प्रशिक्षण मिळते. घरी गेल्यावर काय, कसे आणि कोणत्या क्रमाने शिकवायचे, याचा आराखडा घेऊन ते परततात. या सोयीमागील विचार महत्त्वाचा आहे : मुलाला संस्थेच्या हवाली करायचे नाही, संस्थेचे ज्ञान घरात न्यायचे.

साधा हिशोब केला तरी हे पटते. आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तासाची थेरपी मिळणारे मूल थेरपिस्टसोबत दीड तास असते. दिवसाचे जागेपणीचे बारा तास धरले, तर आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास होतात. उरलेले साडेब्याऐंशी तास मूल घरी, अंगणवाडीत किंवा शाळेत असते. त्या तासांत काही बदलले नाही, तर दीड तासावर किती भार टाकणार?

हे तास वापरण्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. वाटाणे सोलणे, तांदूळ एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतणे, कणकेचा गोळा मळणे हे बोटांचे व्यायाम आहेत. पेज वाढताना वाटी लगेच पुढे न करता क्षणभर थांबावे, मुलाने बघावे, हात पुढे करावा किंवा आवाज काढावा आणि मग वाटी द्यावी. ही संवादाची पहिली पायरी होय. बाजारात मासळी घेताना ‘बांगडा’, ‘तारली’ म्हणत दाखवणे, चवथीला माटोळी बांधताना एकेक फळ हातात देणे, आंघोळीच्या वेळी रोज त्याच क्रमाने अवयवांची नावे घेणे, यांतून शब्द अनुभवाला चिकटतात. एका वेळी एकच ध्येय धरावे आणि घरातील सर्वांनी एकाच पद्धतीने वागावे. आई मुलाला चमच्याने जेवू देते आणि आजी दयेने भरवते, अशाने दोघींचेही कष्ट वाया जातात. मोबाइलचा पडदा मुलाला शांत बसवतो, पण त्याच्याशी उत्तराची देवाणघेवाण करत नाही. दोन वर्षांखालील मुलांना तो दाखवू नये, असे अनेक बालरोगतज्ज्ञ सांगतात.

याचा अर्थ सारा भार आईच्या डोक्यावर टाकावा, असा मुळीच नाही. अनेक घरांत नेमके तेच घडते. थेरपीच्या वेळा, औषधे, शाळेचे बोलावणे आणि नातलगांचे टोमणे हे सगळे एकटी आई झेलते. वडील, आजी-आजोबा, काका-मावशी यांनी कामे वाटून घेणे हादेखील उपचाराचाच भाग मानला पाहिजे. भावंडांनाही त्यांच्या वाट्याचा वेळ हवा.

निवड करताना

केंद्र हैदराबादचे असो, मुंबईचे असो वा पणजीचे, काही प्रश्न विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. मुलासोबत प्रत्यक्ष काम कोण करणार आणि त्यांची पात्रता काय? स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीविना असा व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. पुढील तीन महिन्यांचे ध्येय लेखी मिळेल का? पालकांना सत्र पाहू देतील का? घरी काय करायचे ते शिकवतील का? दार बंद करून मूल आत घेणाऱ्या आणि केवळ पैशांची पावती देणाऱ्या केंद्रापासून दूर राहावे. ‘शंभर टक्के बरे करू’ अशी हमी तर धोक्याची खूण समजावी. स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचार करण्याची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही अशा उपचारांपायी कुटुंबे कर्जात बुडतात.

शासकीय आधारही माहीत असावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाली. अंगणवाडी आणि शाळेत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणे, ही त्याची रचना आहे. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने देशात चौदा ठिकाणी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एकाच छताखाली सर्व प्रकारच्या अक्षमतांचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र सुरू केले. सिकंदराबाद आणि मुंबई ही त्यांपैकी गोमंतकीयांना परिचित ठिकाणे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार लक्षणीय अक्षमता असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अक्षमता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. दाखला काढल्याने मुलावर शिक्का बसतो, या भीतीने अनेक पालक या सोयींपासून दूर राहतात. दाखल्यामुळे मुलाची अडचण वाढत नाही. मदतीची दारे मात्र उघडतात.

पर्वरीच्या संजय स्कूलसारखी विशेष शाळा गोव्यात आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरला आणि दिव्यांगांना सामावून घेण्याची भाषा राज्याने जाहीरपणे स्वीकारली. त्या भाषेची परीक्षा सत्तरी-काणकोणच्या वाड्यांवर होईल. तेथील दीड वर्षाच्या मुलाची अडचण अंगणवाडी सेविकेच्या ध्यानी येते का, तिथून त्याला कोठे पाठवायचे हे तिला ठाऊक असते का आणि बसच्या अंतरावर त्याला नियमित थेरपी मिळते का? लहान राज्यात अंतरे कमी आहेत, गावोगाव माणसे एकमेकांना ओळखतात; ही जमेची बाजू वापरली, तर कोणत्याही पालकाला आठवड्याच्या दीड तासासाठी परराज्यात बिऱ्हाड थाटावे लागणार नाही. हैदराबादला तज्ज्ञांचे मत घ्यायला, शिकायला जरूर जावे. शिकलेले मात्र घरी, आपल्या भाषेत आणि आपल्या ओसरीवर रोज वापरले, तरच त्या प्रवासाचे चीज होईल.