आधीचा पेपर गाळून पुढचा अभ्यासक्रम?

जुलै १९२३. म्युनिक विद्यापीठात एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याची पीएचडीची तोंडी परीक्षा सुरू होती. गणिताचे आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्रश्न त्याने सहज सोडवले. मग प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विल्हेल्म वीन यांची पाळी आली. एका प्रकाशीय उपकरणाची विभेदनक्षमता, म्हणजे अगदी जवळजवळचे दोन बारकावे वेगळे दाखवण्याची क्षमता, कशी काढायची, असे त्यांनी विचारले. उत्तर आले नाही. बरे, साध्या सूक्ष्मदर्शकाची? तेही नाही. बॅटरी कशी चालते? तिथेही गाडी अडली. वीन त्याला नापास करायला निघाले होते. मार्गदर्शक आर्नोल्ड सोमरफेल्ड यांच्यामुळे तो तिसऱ्या दर्जात कसाबसा उत्तीर्ण झाला. त्याचे नाव व्हर्नर हायझेनबर्ग. वीन यांच्या प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम त्याने मनावर घेतलाच नव्हता.

हायझेनबर्गची दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांना जास्त आवडते. जून १९२५ मध्ये परागकणांच्या ॲलर्जीने बेजार होऊन तो हेल्गोलँड बेटावर गेला आणि तिथे त्याने क्वांटम मेकॅनिक्सची पहिली मांडणी केली. त्यातल्या आकड्यांच्या तक्त्यांचा गुणाकार विचित्र होता, क्रम बदलला की उत्तर बदलायचे. हे मॅट्रिक्सचे गणित आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते. ते ओळखले माक्स बोर्न यांनी, कारण विद्यार्थिदशेत ते हे गणित शिकले होते. ‘मॅट्रिक्स न शिकता हायझेनबर्गने क्वांटम मेकॅनिक्स शोधले, मग आम्हाला लिनियर अल्जिब्राचा पेपर कशाला?’ हा प्रश्न यातूनच येतो. बोर्न आणि पास्कुआल योर्डान शेजारी नसते तर ते तक्ते कुठवर गेले असते, हा त्याचा उरलेला अर्धा भाग मात्र कुणी विचारत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आता गोष्टीपुरता राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर, मायनर आणि निवडीचे विषय यांची मोकळीक वाढली. २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या विषयांची यादी रुंदावली, तेव्हा बारावीला गणित-भौतिकशास्त्र नसलेल्यांसाठी ब्रिज कोर्सची तरतूद सुचवली होती आणि त्यावर बरीच टीकाही झाली. २०२५ पासून सीयूईटी प्रवेश परीक्षेत बारावीला नसलेला विषयही निवडता येतो. एनपीटीईएलवर तर कुणीही कोणत्याही अभ्यासक्रमाला नाव नोंदवू शकते. आधी काय यायला हवे, हे त्या पानावर लिहिलेले असते, पण ते वाचलेच पाहिजे अशी सक्ती नसते. दार उघडे आहे. आत गेल्यावर काय होते, ते पाहायला हवे.

समजा, प्राध्यापकांनी फळ्यावर श्रोडिंगरचे समीकरण लिहिले आणि पुढच्या ओळीत त्याचे दोन तुकडे केले, एक काळाचा आणि एक जागेचा. डिफरन्शियल इक्वेशन शिकलेल्या मुलीला तिथे एकच गोष्ट दिसते: ‘चल वेगळे केले’. न शिकलेल्या मुलाला आठ-दहा चिन्हे दिसतात आणि प्रत्येकाचा अर्थ स्वतंत्रपणे डोक्यात धरून ठेवावा लागतो. माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे विचार चालू असताना माहिती धरून ठेवणारी मनाची ओंजळ, फार लहान असते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या २००१ मधील मांडणीनुसार तिच्यात एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात. आधीच्या अभ्यासाने ओंजळ मोठी होत नाही. सुटे दाणे एकत्र बांधून त्यांची पुरचुंडी होते, आणि मग चार दाण्यांऐवजी चार पुरचुंड्या धरता येतात.

मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच संदर्भात नेहमी सांगितला जातो. भौतिकशास्त्राची गणिते देऊन त्यांचे गट पाडायला सांगितले. नवख्यांनी उतरणीची गणिते एका गटात घातली, स्प्रिंगची दुसऱ्यात. तज्ज्ञांनी चित्राकडे लक्षच दिले नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एकीकडे, न्यूटनच्या नियमाने सुटणारी दुसरीकडे. पायरी गाळलेल्या विद्यार्थ्याची हीच अडचण असते. त्याला सूत्रे पाठ असतात, पण कोणते गणित कोणत्या घरातले, हे कळत नाही.

त्यात भीतीची भर पडते. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवले की, गणिताची धास्ती असलेल्यांची कार्यकारी स्मृती गणित सोडवताना त्या धास्तीतच खर्च होते. म्हणजे आधीच लहान असलेल्या ओंजळीतली थोडी जागा ‘मला हे जमणार नाही’ या विचाराने व्यापलेली. अशा मुलाला घरी ‘लक्ष देत नाहीस’ म्हणून ऐकावे लागते, तेव्हा ते बोलणे बहुधा चुकीच्या ठिकाणी लागते.

फसवणूक आणखी एका जागी होते. चांगल्या शिक्षकाचे व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. गोष्ट रंगते, तर्क पटतो. त्याच रात्री कोरा कागद समोर घेतला की पहिली ओळ सुचत नाही. पायाभूत विषय झालेल्यांनाही हा अनुभव येतोच. फरक इतकाच की त्यांना आपण कुठे अडलो हे सांगता येते.

मग प्रत्येक पूर्वअट पवित्र मानायची का? मुळीच नाही. काही अटी खरोखर विषयातून आलेल्या असतात, काही वेळापत्रकाच्या सोयीने चिकटलेल्या. क्वांटम मेकॅनिक्सला कॉम्प्लेक्स नंबर आणि लिनियर अल्जिब्रा पहिल्या पंधरवड्यापासून लागतात. तिथे सवलत नाही. पण लहरींच्या समीकरणानेच सुरुवात करायला हवी, असे नाही. जे. जे. साकुराई यांचे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक अणूंच्या स्पिनच्या प्रयोगाने सुरू होते आणि तिथे दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सवर बरेच काही भागते. क्लासिकल मेकॅनिक्समधून हॅमिल्टोनियनची ओळख हवी, संपूर्ण पेपर झालेलाच हवा असे नाही. इलेक्ट्रोडायनॅमिक्सचे मात्र वेगळे. डायव्हर्जन्स आणि कर्ल म्हणजे काय हे माहीत नसेल, तर मॅक्सवेलची चार समीकरणे नुसती नक्षी ठरतात.

‘दोन्ही पेपर एकाच सत्रात घेतो’ हा तोडगा ऐकायला बरा वाटतो. तो चालेल की नाही, हे दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आयगेन व्हॅल्यू गणिताच्या वर्गात दहाव्या आठवड्यात येणार असेल आणि भौतिकशास्त्राच्या वर्गात तिसऱ्या, तर सात आठवडे अंधारात काढावे लागतील.

कोणता पाया सर्वांत जास्त उपयोगी पडतो, याचा एक धागा फिलिप सॅडलर आणि रॉबर्ट ताई यांच्या २००७ च्या ‘सायन्स’मधील अभ्यासात सापडतो. अमेरिकी महाविद्यालयांतील हजारो विद्यार्थ्यांच्या गुणांवरून त्यांना दिसले की, शाळेत गणित जास्त शिकलेली मुले महाविद्यालयात जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र या तिन्हींत पुढे होती. शाळेतल्या रसायनशास्त्राचा भौतिकशास्त्राला तसा फायदा दिसला नाही. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तरीही वेळ थोडा असेल तर तो कुठे घालवावा, याची दिशा त्यातून मिळते.

आणि गाळलेली पायरी कधी ना कधी हिशेब मागते. १९२७ मध्ये हायझेनबर्गने अनिश्चिततेचे तत्त्व मांडले, तेव्हा ते पटवण्यासाठी त्याने गॅमा किरणांच्या काल्पनिक सूक्ष्मदर्शकाचे उदाहरण घेतले. नील्स बोर यांनी त्यात चूक काढली. किरणाच्या धक्क्याने इलेक्ट्रॉन हलतो, एवढे पुरेसे नव्हते. भिंगाच्या रुंदीमुळे तो किरण नेमका कोणत्या दिशेने आत आला हे कळत नाही, हा मुद्दा निसटला होता. म्हणजे पुन्हा विभेदनक्षमताच, वीन यांचाच प्रश्न. वाद इतका ताणला की हायझेनबर्गच्या डोळ्यांत पाणी आले. तत्त्व टिकले, पण छापायला गेलेल्या लेखाला दुरुस्तीची टीप जोडावी लागली.

विद्यार्थ्याला बोर भेटतीलच असे नाही, एटीकेटी भेटते. म्हणून नाव नोंदवण्याआधी गाळायच्या पेपरची गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका घ्यावी आणि पुस्तक मिटून, घड्याळ लावून सोडवावी. मग अडलेल्या प्रश्नांचे दोन ढीग करावेत. सूत्र आठवले नाही म्हणून अडलेले एकीकडे. ते दोन-तीन आठवड्यांत भरून निघतात. प्रश्नात काय विचारले आहे हेच कळले नाही, ते दुसरीकडे. दुसरा ढीग मोठा निघाला तर तो पेपर रीतसर घ्यावा आणि पुढचा एका सत्राने ढकलावा. ही तपासणी मे महिन्यात करावी. सत्र सुरू झाले की प्रात्यक्षिके, जर्नल आणि अंतर्गत परीक्षा यांतून तीन तास सलग मिळत नाहीत, आणि विषय बदलायची मुदत तोवर उलटून गेलेली असते.