सुटलेला टाका

आधीच सांगून टाकतो. हा लेख विणकामाबद्दल आहे आणि लिहिणारा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा आहे. हसायचं तेवढं हसून घ्या. आमच्या विंगनेही वर्षभर हसून घेतलं. आता त्यांच्यातल्याच चौघांचे स्वेटर माझ्या कपाटात दुरुस्तीला पडलेत!

सुरुवात झाली ती वायडीपासून. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला, विषय राहिले, वर्ष गेलं. रूम सोडली आणि वळकटी घेऊन साताऱ्याला घरी आलो. आई लहान बाळांचे लोकरीचे सेट करून एका दुकानाला देते. स्वेटर, टोपडं आणि पायमोजे असा एक सेट. माझ्या हॉस्टेलच्या फीतला बराचसा भाग या सेटांमधून येत होता, हे मला तोवर माहीतच नव्हतं. दिवाळीआधी दहा सेट द्यायचे तिने कबूल केले होते. ॲडव्हान्स घेतलेला, त्यातून लोकर आणलेली. आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात ती ओल्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

"तुझे हात रिकामेच आहेत ना?" आई म्हणाली. त्यात टोमणा होता की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती खुर्चीत बसून बोलायची आणि मी विणायचो. तेव्हा ज्या गोष्टी खरोखर उपयोगी पडल्या, तेवढ्याच इथे देतो. डिझाइनं कुठेही मिळतील.

टाका म्हणजे काय?

मराठीत आपण सगळ्यालाच 'विणणं' म्हणतो. खाट विणतात, मागावर पैठणी विणतात आणि स्वेटरही विणतात. पण पैठणीत उभे आणि आडवे असे वेगवेगळे धागे एकमेकांच्या खालून-वरून जातात. स्वेटरमध्ये एकच धागा असतो. त्याचा फास करायचा, त्या फासातून दुसरा फास ओढायचा, त्यातून तिसरा. धागा सगळीकडे वळणं घेत जातो, म्हणून कापड ओढलं की आधी ती वळणं सरळ होतात आणि कापड ताणतं. तुमचा टी-शर्ट, बनियन, मोजे हे सगळं अशा फासांचंच आहे. इंग्लंडच्या विल्यम लीने १५८९ साली मोजे विणायचं यंत्र केलं, तेही याच फासांचं.

टाके दोनच. दोरा मागे ठेवून सुई फासात पुढून मागे घातली आणि दोरा पुढे ओढला की सुलट. दोरा पुढे ठेवून सुई मागून पुढे घातली आणि दोरा मागे ओढला की उलट. पण खरी गंमत अशी, की हे दोन वेगळे टाके नाहीतच. सुलट टाका मागून पाहिला की तोच उलट दिसतो. सुलट टाका इंग्रजी 'व्ही'सारखा, उलट टाका आडव्या मण्यासारखा. हे एकदा डोळ्यांना दिसायला लागलं की ओळी पाठ कराव्या लागत नाहीत. मी पहिले चार दिवस तोंडाने मोजत बसायचो आणि कोणी हाक मारली की चुकायचो. आई म्हणायची, "मोजू नकोस रे, वाच. खाली काय आहे ते बघ, वर काय यायचं ते कळेल."

एका ओळीत सगळे सुलट आणि पुढच्या ओळीत सगळे उलट विणलं तर कापड गुळगुळीत होतं, पण कडा गुंडाळल्या जातात. बाजूच्या कडा मागे वळतात, वरची-खालची कड पुढे. हा तुमच्या हाताचा दोष नाही. टाक्याची पुढची आणि मागची बाजू सारखी नसते, म्हणून कापडात मुळातच ताण राहतो. उपाय म्हणजे कडेला दोन्ही बाजू सारख्या दिसतील अशी पट्टी घालायची. एक सुलट, एक उलट अशी पट्टी तर रबरासारखी ताणते आणि परत येते. मनगटाला, कमरेला आणि गळ्याला ती असते ती एवढ्यासाठी.

सुईचा नंबर आणि आपला हात

पहिला स्वेटर आईने पडण्याआधी निम्मा केला होता. मी त्याच सुयांवर, त्याच लोकरीने पुढे विणला. माझा भाग जिथे सुरू झाला तिथे स्पष्ट रेघ दिसायला लागली. माझा हात घट्ट होता.

आईच्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसायचे, माझ्या हाताने २८. फरक किरकोळ वाटतो ना? गणित करा. स्वेटरचा पुढचा भाग २५ सेंटिमीटर हवा, म्हणून ६० टाके घातले. आईच्या हाताने तो बरोबर २५ होईल. माझ्या हाताने साधारण साडेएकवीस. पुढचा आणि मागचा भाग मिळून सात सेंटिमीटर गायब! बाळ तेवढंच, स्वेटर मात्र दुसऱ्या बाळाचा.

म्हणून आधी हाताच्या पंजाएवढा चौकोन विणून पाहायचा, धुऊन वाळवायचा आणि मधल्या भागात पट्टी ठेवून टाके मोजायचे. कडेला मोजायचे नाहीत, तिथे टाके वेडेवाकडे असतात. या अर्ध्या तासाचा कंटाळा केला, तर पुढे आठवडा उसवण्यात जातो.

आई म्हणाली, "जाड सुई घे." मी १० नंबर ठेवून ११ उचलली. ती तर आणखी बारीक निघाली! आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या इंग्लिश नंबरांत नंबर वाढला की सुई बारीक होते. वर्कशॉपमधला वायर गेजचा तक्ता आठवा. तिथेही तसंच. १० नंबरची तार ३.२५ मिलिमीटर आणि १० नंबरची सुईही ३.२५ मिलिमीटर. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर. अमेरिकन नंबर मात्र उलटे चालतात, म्हणून बाहेरचं डिझाइन घेतलंत तर नंबर सोडा, मिलिमीटर पाहा. मला ९ नंबरवर २५ टाके आले आणि ८ नंबरवर बरोब्बर २४. माझा हात सैल करण्यापेक्षा सुई बदलणं सोपं होतं.

क्रोशा आणि पाय

टोपडी क्रोशाची होती. सुयांवर सगळे फास एकाच वेळी उघडे असतात. क्रोशात एका आकड्यावर बहुतेक वेळ एकच फास उघडा असतो, बाकीचे तिथल्या तिथे बंद होत जातात. त्यामुळे मधला टाका सुटायची भीती नाही. साखळी, मुका खांब आणि खांब एवढं आलं की बरंच काही येतं.

टोपड्याचा वरचा गोल सपाट कसा ठेवायचा? आईचा नियम असा: ६ मुक्या खांबांनी सुरुवात आणि प्रत्येक फेरीत ६ वाढवायचे. ६, १२, १८, २४. "सहाच का?" विचारलं तर म्हणाली, "तसंच असतं." रात्री अंथरुणात लक्षात आलं आणि उठून बसलो. मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच. फेरी एका टाक्याने बाहेर सरकली की त्रिज्या एकाने वाढते आणि परीघ दोन पायने, म्हणजे ६.२८ ने. म्हणून सहा! खांब साधारण दुप्पट उंच, म्हणून त्याला फेरीमागे बारा. ज्या गणितात मी नापास झालो होतो ते आई वीस वर्षं बोटांनी करत होती.

वाढ थांबवली की कड खाली वळते आणि टोपीची भिंत सुरू होते. बाळाच्या डोक्याचा घेर ४२ सेंटिमीटर असेल, तर भागिले पाय म्हणजे वरचा गोल साधारण १३ सेंटिमीटर झाला की थांबायचं. वाढवायचे टाके दर फेरीत एकाखाली एक घेऊ नका, गोलाचा षटकोन होतो. जागा थोडी सरकवत राहा. आणि गरजेपेक्षा जास्त वाढवलं तर झालर पडते. त्या झालरीतही गणित आहे बरं का! डाइना टायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मुद्दाम ठरावीक अंतराने टाके वाढवून हायपरबोलिक प्रतल क्रोशाने विणलं. कागदाचं मॉडेल फाटायचं, लोकरीचं हाताळता येतं.

सुटलेला टाका

आता मुद्द्याचं. तिसऱ्या स्वेटरला एक टाका सुईवरून निसटला आणि मला कळलंच नाही. आठ-दहा ओळी पुढे गेल्यावर दिसला. तोपर्यंत खाली शिडी पडली होती, मोज्याला पडते तशी. मी काय केलं? मागून दोऱ्याने गाठ मारून टाकली. पुढून दिसत नव्हतं.

आईने डाव्या हाताने स्वेटर उजेडात धरला, आत बोट फिरवलं आणि गाठ काढली. "हे लपवलंस. बाळाने दोनदा हात-पाय हलवले की हे सुटणार, आणि आत दोरा लोंबला तर त्याच्या बोटात अडकणार." ती प्रत्येक मोजा उलटा करून आत बोट घालून तपासते, कारण सुटा दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "सांगितलं असतंस तर तेव्हाच उचलला असता."

ती स्वेटरबद्दलच बोलत होती. पण पहिल्या सेमचे दोन विषय राहिल्याचं मी घरी सांगितलं नव्हतं. मला त्या दिवशी दुसरं काही ऐकू आलं नाही.

तर टाका कसा उचलायचा ते नीट लिहितो. कापड ओढू नका. खालच्या सुटलेल्या फासात आधी सेफ्टी पिन अडकवा म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही. मग सुलट बाजू समोर घेऊन क्रोशाची सुई त्या फासात पुढून घाला. फासाच्या लगेच वरची शिडीची आडवी पायरी आकड्याने पकडा आणि फासातून पुढे ओढा. एक टाका झाला. मग पुढची पायरी. पायऱ्या खालून वर, क्रमाने, एकही न सोडता. वर पोचलात की फास सुईवर ठेवा, त्याला पीळ पडलेला नाही ना ते बघून. उलट टाका असेल तर कापड फिरवा आणि मागून सुलटच करा. दहा ओळींना पाच मिनिटं लागतात. मी गाठ मारायला दहा घालवली होती.

दुसरी युक्ती सेव्ह करण्याची. अवघड भाग सुरू करण्याआधी बोथट जाड सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा घ्या आणि सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे चुकलं तर बिनधास्त उसवा, उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं. प्रोजेक्ट रिपोर्ट सेव्ह न करता बसणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं!

तिसरी, दोरा जोडण्याची. लोकर संपली तर मध्येच गाठ मारू नका. ओळीच्या कडेला नवा गुंडा जोडा, दोन्ही टोकं बोटभर लांब ठेवा आणि शेवटी सुईने मागच्या बाजूने ओवून जिरवा.

चौथी, बंद करण्याची. माझा पहिला पूर्ण झालेला स्वेटर शेजारच्या वहिनींच्या बाळाला घालून पाहिला, तर डोकंच आत जाईना. बाळ रडलं, वहिनी हसल्या. मी गळ्याचे टाके घट्ट बंद केले होते. बंद केलेली कड कापडाइतकी ताणत नाही. म्हणून शेवटच्या ओळीला एक-दोन नंबर जाड सुई घ्यायची. (जाड, म्हणजे कमी नंबरची. एव्हाना पाठ झालं असेल.)

उसवलेली लोकर कुरळी होते. तिची लड करून ओली करा, न पिळता टांगून वाळवा, पुन्हा सरळ होते. स्वेटरही पिळू नका आणि दोरीवर टांगू नका. ओल्याच्या वजनाने तो लांब होतो. टॉवेलवर आडवा पसरा. ॲक्रिलिकच्या लोकरीवर गरम इस्त्री ठेवली तर ती कायमची लुळी पडते. आमच्या मजल्यावर एकाने हा प्रयोग केलेला आहे, त्यामुळे परत करायची गरज नाही.

शेवटी काय झालं? दिवाळीच्या आधी दहातले आठ सेट झाले. दुकानदाराला आईने खरं ते सांगितलं आणि उरलेले दोन नंतर दिले. त्या आठांतला एकही परत आला नाही. एम-थ्री दुसऱ्या खेपेला निघाला. आता निकाल लागला की पहिला फोन घरी करतो, निकाल कसाही असो.

हॉस्टेलवर एवढंच सामान पुरतं: ८ आणि १० नंबरच्या सुयांची एकेक जोडी, एक क्रोशाची सुई, एक बोथट जाड सुई, दोन सेफ्टी पिना आणि एक गुंडा. डिसेंबरात कोणाच्या स्वेटरला शिडी पडली, खिळ्याला अडकून दोरा निघाला, तर तो कापू नका आणि गाठही मारू नका. सेफ्टी पिन लावा आणि घेऊन या. मेसच्या मावशींची शाल झाली, ऑफिसातल्या एका सरांची कानटोपी झाली. पैसे नकोत. मात्र टाका तुम्ही स्वतः उचलायचा, मी शेजारी बसून सांगेन.