मध्य कोणाचा? एका सायकलच्या चाकाची गोष्ट

तत्त्वज्ञानाचा मास्तर ताडकळसला येऊन सायकलच्या चाकावर बोलणार, हे ऐकून काही जण गालात हसले असतील. हसा. पण ‘मध्य’ या शब्दावर मी वर्गात कितीतरी वर्षं बोललो, आणि तो नीट कळला सायकलच्या दुकानात.

गोष्ट साधी आहे. आमच्या नात्यातली एक मुलगी नववीत शिकते. शाळा चार किलोमीटर. तिच्या साध्या सायकलची फ्रेम जोडावर तुटली. घरात भावाची गिअरची सायकल पडून होती, पण तिच्या मागच्या चाकाचा पार आठचा आकडा झालेला. दोन्ही सायकलींची चाकं २६ इंची. मी म्हटलं, हिचं चाक त्या फ्रेमला लावू, एकाच गिअरवर चालेल. नव्या सायकलीला पैसे नव्हते. आणि सायकल बंद पडली की मुलीची शाळा कशी बंद पडते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

चाक बसेना. गिअरच्या सायकलला मागे पाच-सहा दातेरी चकत्या मावायच्या असतात, म्हणून फ्रेमच्या खाचांमधलं अंतर जास्त, पुष्कळदा १३५ मिलिमीटर. साध्या सायकलचा हब त्याहून अरुंद. आम्हाला १४ मिलिमीटर कमी पडत होते. लांब आस टाकला, वायसर घातले. चेन पुढच्या चक्राच्या सरळ रेषेत यावी म्हणून उजवीकडे ४ आणि डावीकडे १० मिलिमीटर घालावे लागले. चाक बसलं, पण रिम उजव्या ब्रेकला घासायला लागली.

मी काय केलं? खाचेत आस जरा तिरपा ओढला. रिम ब्रेकपाशी मधोमध दिसली. खूश झालो. पण चाक तिरकं धावायला लागलं, चेन उतरायला लागली. मग मी रिमवर हातोडी उगारली, तेव्हा दुकानदार म्हणाला, “सर, रिमला कशाला ठोकायलात? तिला काहीच झालं नाही.”

त्यानं दोन गोष्टी दाखवल्या. आधी चाक जागेवर फिरवलं. रिम लचकत नव्हती, म्हणजे ‘आउट’ नव्हता. मग चाक काढून उलटं लावलं, उजवी बाजू डावीकडे. आता रिम डाव्या ब्रेककडे गेली. इथे तर्कशास्त्र आहे बघा. चाक उलटल्यावर दोष बाजू बदलतो, तर दोष चाकात. चाक कसंही लावा, रिम एकाच बाजूला राहते, तर दोष फ्रेमच्या किंवा ब्रेकच्या बाजूचा. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय बदललं ते बघायचं. मी हे वर्गात शिकवत होतो, आणि दुकानात हातोडी घेऊन उभा होतो!

आता हिशेब. १० वजा ४ म्हणजे ६, त्याचे निम्मे ३. दोन खाचांचा मध्य हबच्या जुन्या मध्यापासून ३ मिलिमीटर डावीकडे सरकला. रिम जिथल्या तिथे राहिली. म्हणून तिला ३ मिलिमीटर डावीकडे न्यायची. दोन्हीकडे ७-७ घातले असते, तर रिम हलवावी लागली नसती, पण चेन वाकडी चालली असती.

रिम सरकते स्पोकच्या ताणानं. डावे स्पोक तिला डावीकडे ओढतात, उजवे उजवीकडे. म्हणून आधी उजव्या बाजूचं प्रत्येक निपल पाव आटा सैल करायचं, मग डाव्या बाजूचं प्रत्येक पाव आटा घट्ट. टायरकडून बघितलं तर निपल घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की घट्ट होतं. हबकडून बघाल तर उलटं दिसतं, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. व्हॉल्व्हपासून सुरू करून पुन्हा व्हॉल्व्हपाशी यायचं, एकही स्पोक चुकवायचा नाही. एक फेरी झाली की चाक लावून बघायचं. आमचं काम तीन फेऱ्यांत झालं. शेवटी थोडा आउट काढला, आणि निपलमधून स्पोकचं टोक वर आलं होतं ते घासलं, नाहीतर ट्यूब गेलीच.

मग त्यानं बोटानं स्पोक छेडले. डाव्या बाजूचे एका सुरात, उजव्या बाजूचे त्याहून खालच्या. मी विचारलं, दोन्हीकडे सारखा ताण नको का? तो म्हणाला, “सारखा केला तर रिम परत हलंल की!”

ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात दोन मध्य सांगितले. एक वस्तूचा: १० आणि २ यांचा मध्य ६, सगळ्यांना सारखाच. दुसरा आपल्या संदर्भातला: मायलो पैलवानाला जेवढं अन्न कमी पडेल, तेवढं नवशिक्याला जास्त होईल. हे मी शेकडो मुलांना शिकवलं. तरी त्या दिवशी चाकाचा मध्य मी चाकातच शोधत होतो. तो चाकात नव्हता. चाक ज्या चौकटीत चालायचं, तिच्यात होता.

माणसंही एका चौकटीतून दुसरीत जातात. सून सासरी येते, शेतकऱ्याचा पोरगा पुण्याला नोकरीला लागतो. घासायला लागलं की आपण म्हणतो, माणूसच वाकडा. हातोडी उचलण्याआधी चाक एकदा उलटून बघावं. आणि ताण द्यायचाच असेल तर पाव आट्यानं द्यावा, सगळ्या स्पोकना वाटून.

मुलगी सोमवारपासून शाळेला जाते आहे. चेन उतरलेली नाही.