कुरणांना मुदत किती?

म्हैसूरहून पश्चिमेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर हुणसूर हे गाव आहे. आज ते तंबाखूच्या व्यापारासाठी आणि नागरहोळेच्या जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवरचा थांबा म्हणून ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात मात्र तेथे लष्कराच्या पुरवठा खात्याचे मोठे ठाणे होते आणि ‘अमृतमहाल’ या नामांकित गोवंशाचा कारभार तेथून चाले. या गोवंशाची गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. आपल्याकडे वन्यजीव संवर्धनाच्या दीर्घकालीन नियोजनाचा विषय निघाला, की चर्चा वाघापासून सुरू होते आणि वाघापाशीच संपते. माळरानांचे नियोजन ही जणू परदेशातून आयात करावयाची कल्पना आहे, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. म्हैसूर संस्थानाने गवताळ प्रदेशाचे नियोजन तीनशे वर्षांपूर्वीच आरंभले होते.

चिक्कदेवराज वोडेयर (१६७३–१७०४) यांच्या कारकिर्दीत राजवाड्याच्या दूधदुभत्यासाठी ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याची कचेरी, स्थापन झाली आणि राज्यभरातील कुरणे तिच्यासाठी राखून ठेवण्यात आली. या राखीव कुरणांना कन्नडमध्ये ‘कावल’ म्हणतात. राखण या अर्थाचाच तो शब्द. हैदरअलीने या जनावरांचा उपयोग तोफा ओढण्यासाठी केला आणि टिपू सुलतानाने खात्याचे नाव बदलून ‘अमृतमहाल’ असे ठेवले. चिदंबरमच्या मदतीसाठी हैदरची फौज अडीच दिवसांत शंभर मैल धावली ती या बैलांच्या बळावर, असे बी. लुईस राइस यांच्या म्हैसूर गॅझेटियरमध्ये नमूद आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हे खिल्लार इंग्रजांच्या हाती आले आणि पुढच्याच वर्षी धोंडिया वाघाचा पाठलाग करणाऱ्या वेलस्लीच्या कामी लागले. महाराष्ट्राच्या इतिहासात कवायती पलटणींचा विचार पुष्कळ झाला; तोफा ओढणाऱ्या बैलांचा आणि त्यांच्या चाऱ्याचा फारसा झालेला नाही.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती कुरणांची व्यवस्था. कावलांची विभागणी ऋतूनुसार केलेली होती: उन्हाळी, पावसाळी आणि हिवाळी. उन्हाळी कावल बहुधा तलावांच्या पोटात असत, कारण पाणी ओसरल्यावर तेथे कोवळे गवत उगवते. शिवाय सावलीसाठी झाडे लागत. ऋतू पालटला की खिल्लार दुसऱ्या कावलात हलवायचे आणि आधीच्याला उसंत द्यायची. आजचे परिसरशास्त्रज्ञ ज्याला फिरती चराई म्हणतात, ती हीच. एके काळी चार लाख एकरांहून अधिक जमीन या व्यवस्थेत होती. हेतू लष्करी होता, परंतु त्या राखणीच्या आडोशाने काळवीट, लांडगा, खोकड, माळढोक, तणमोर यांनाही आश्रय मिळाला. गाई-बैलांसाठी राखलेले गवत हेच त्यांचे अभयारण्य ठरले.

मग १८६० मध्ये मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांच्या काळात काटकसरीचे वारे वाहिले. अमृतमहाल खाते मोडीत काढून जनावरे विकण्यात आली. त्यातील उत्तम खिल्लार इजिप्तच्या पाशासाठी खरेदी केले गेले. थोड्याच वर्षांत चूक ध्यानात आली, चांगले बैल मिळेनासे झाले, आणि १८६६ मध्ये खाते पुन्हा उभारावे लागले. विखुरलेली जनावरे शोधून काढण्यात किती सायास पडले असतील, याची कल्पना सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही करता येईल. मोडायला एक टिपणी पुरते.

अशा टिपण्यांवर मीही सह्या केल्या आहेत. सेवेच्या आरंभीच्या वर्षांत एका जिल्ह्यात असताना शे-दीडशे एकरांच्या एका गवताळ पट्ट्याची फाइल माझ्यापुढे आली. सातबाऱ्यासारख्या आमच्याकडील उताऱ्यावर त्याची नोंद ‘पडीक’ अशी होती. निलगिरीची लागवड करण्याचा प्रस्ताव होता. हिरवाई वाढणार, सरपण मिळणार, उद्दिष्ट पूर्ण होणार. हरकत घेण्याजोगे काही दिसले नाही. गावातले दोन म्हातारे मेंढपाळ कचेरीत येऊन उभे राहिले होते. त्यांचे म्हणणे मी ऐकून घेतले, नोंदवले नाही. इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी असूनही ती जमीन पूर्वी काय होती, हे विचारावे असे मला सुचले नाही, याची खंत आजही आहे.

ही एकट्यादुकट्याची चूक नव्हे, वर्गीकरणाचीच आहे. आपल्या देशात पडीक जमिनींचे अधिकृत नकाशासंग्रह निघतात आणि झुडपी माळरानांचा मोठा भाग त्यांत ‘पडीक’ म्हणून दाखवला जातो. माळरान म्हणजे उजाड झालेले जंगल, ही धारणा इंग्रजी अमदानीपासूनची. ती किती चुकीची आहे हे अलीकडे एका अभ्यासाने मराठी वाङ्मयाच्याच आधारे दाखवले. मध्ययुगीन ओव्या, चरित्रे आणि लोककथांतील वनस्पतींचे उल्लेख तपासता, पश्चिम महाराष्ट्रातील काटेरी झाडांचे विरळ माळ किमान साडेसातशे वर्षे जुने आहेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे विशेष अप्रूप वाटते. जंगल तोडून माळ झाला असे नाही; माळ होताच.

चुकीच्या नोंदीचे परिणाम मात्र खरे असतात. हावेरी जिल्ह्यातील राणेबेन्नूर अभयारण्य १९७४ मध्ये काळविटांसाठी जाहीर झाले. एके काळी तेथे माळढोकही होता. निलगिरी वाढली, उघडे माळ आक्रसले आणि तो नाहीसा झाला. अधिक बोलके उदाहरण चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरेचे आहे. तेथील अमृतमहाल कावलांपैकी आठ हजारांहून अधिक एकर जमीन २००९ च्या सुमारास संरक्षण संशोधन, अणुऊर्जा, अवकाश आणि विज्ञान शिक्षणाच्या संस्थांना देण्यात आली. या सर्व संस्था राष्ट्राला आवश्यक आहेत, याविषयी दुमत नाही. प्रश्न इतकाच, की निर्णय घेताना त्या जागेवर मेंढ्या चारणारे, त्यांच्या लोकरीच्या कांबळी विणणारे आणि ती गवते यांची गणना कोणत्या रकान्यात झाली? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये अटी घालून प्रकल्पांना वाट मोकळी केली. तोवर कुंपणे उभी राहिली होती.

येथे अमेरिकेतील एका उदाहरणाची आठवण होते. आयोवा राज्याचा बहुतांश भूभाग एके काळी उंच गवताच्या प्रेअरीने व्यापलेला होता. नांगराखाली ती इतकी गेली, की हजारातला एखादा हिस्साच उरला. तेथे एका वीज कंपनीने अणुवीज केंद्रासाठी सुमारे ३,६०० एकर जमीन घेतली होती. केंद्र झाले नाही, आणि १९९१ मध्ये त्याच जमिनीवर वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले. नील स्मिथ नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज हे त्याचे आजचे नाव. उरल्यासुरल्या प्रेअरीच्या तुकड्यांतून बी गोळा करून मक्याच्या शेतात पुन्हा गवत पेरले गेले, गवे आणले गेले, ठरवून वणवे लावण्याची पद्धत सुरू झाली. १९९७ च्या कायद्याने तेथील अशा प्रत्येक आश्रयस्थानाला सर्वंकष संवर्धन आराखडा बंधनकारक केला. तो लोकांना विचारून करायचा आणि दर पंधरा वर्षांनी तपासायचा. आपण नेमके उलट करतो आहोत. त्यांनी गमावलेले गवत ते बियाबियाने परत लावत आहेत. आपल्याकडे ते अजून उभे आहे आणि आपण त्यावर प्रकल्प लिहितो आहोत.

अर्थात केवळ मोठी रेघ ओढून भागत नाही, हे महाराष्ट्राइतके कोणाला ठाऊक असणार? सोलापूर-अहिल्यानगर पट्ट्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरवर जाहीर झाले. त्यात शेते, गावे, रस्ते, सारे आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, आणि शेतकऱ्याच्या लेखी पक्षी म्हणजे अडचण ठरला. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करावे लागले. त्या काळात ऊस वाढला, विजेच्या तारा वाढल्या, आणि माळढोक मात्र एखाददुसराच दिसू लागला. आता देशातील उरलेसुरले माळढोक मुख्यतः जैसलमेरच्या वाळवंटात आहेत. त्यांच्या वाटेतील वीजतारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला २०२१ पासून सोडवावा लागतो आहे.

व्याघ्र प्रकल्पांना संवर्धन आराखडा कायद्यानेच बंधनकारक आहे. २००६ च्या दुरुस्तीने तो आला. २०२२ च्या दुरुस्तीने अभयारण्यांचे व्यवस्थापनही मान्य आराखड्यानुसार व्हावे असे ठरले. परंतु अभयारण्याबाहेरचे कावल, गायराने आणि माळ यांना काय? त्यांची मालकी महसूल, पशुसंवर्धन आणि वन या खात्यांत विभागलेली. आराखडा कोणाचाच नाही. योजना आयोगाच्या २००६ च्या कार्यगटाने गवताळ प्रदेश आणि वाळवंटे यांसाठी स्वतंत्र धोरण सुचवले होते. तो अहवाल वाचनीय आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे बहुतेक कपाटांत सुस्थितीत आहे.

माझ्या मते आरंभ नोंदीपासून व्हावा. ‘पडीक’ हा शब्द महसुली दप्तरातून काढून तेथे ‘गवताळ परिसंस्था’ अशी नोंद करावी. असे झाले तरच जमीन वळवताना उत्तर द्यावे लागेल. दुसरे, चराई बंद करण्याचा मोह आवरावा. वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा ऋतुमानानुसार चराईचा हक्क मान्य केला आहे. जुनी त्रिऋतू पद्धत त्याच्याशी सहज जुळते. चराई पूर्ण थांबली की वेडी बाभूळ आणि घाणेरी शिरते, हे कोणताही धनगर सांगेल. तिसरे, आराखडा पंधरा-वीस वर्षांचा असावा. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतो. गवताला पाऊस ओळखायलाच तेवढा वेळ लागतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांच्या नावे जाहीर केले आहे. कर्नाटकाने यानिमित्ताने उरलेल्या कावलांची सीमानिश्चिती केली आणि महाराष्ट्राने गायरानांची यादी गावोगावच्या ग्रामसभेपुढे ठेवली, तर पुरेसे आहे. गेल्या वर्षी मी त्या जुन्या जिल्ह्यात जाऊन आलो. निलगिरीची दुसरी तोड झाली होती आणि बुंध्यांमधून फुटवे आले होते. रस्त्याच्या कडेला, लागवडीच्या खुणेबाहेर हात-दोन हात रुंदीची पट्टी सुटली आहे. तेथे कुसळी गवत अजून आहे. एक मेंढपाळ पोरगा त्या पट्टीवरूनच आपल्या मेंढ्या नेत होता.